सेंद्रिय तुरीचा हिशेब : जादा भाव कुठं मिळतो, कुठं बुडतो?

बाजार समितीच्या ओट्यावर तुरीचे दोन ढीग पडले आहेत असं समजा. एक रासायनिक पद्धतीनं पिकवलेल्या तुरीचा, दुसरा तीन वर्षं औषधाचा एक थेंबही न मारलेल्या तुरीचा. व्यापारी येतो, मूठभर दाणे हातावर घेतो, एक दाणा दाताखाली फोडून ओल बघतो, डंख, माती, काडीकचरा बघतो आणि बोली लावतो. सेंद्रिय ढिगातला दाणा थोडा बारीक असला किंवा त्यात डंख जास्त असला, तर त्याला भाव उलट कमीच मिळतो. कारण ओट्यावरची बोली दाण्यावर लागते. शेती कशी केली, हे तिथं कुणी विचारत नाही.

सेंद्रियकडे वळायचा विचार करणाऱ्या कास्तकारानं ही गोष्ट पहिल्या दिवशीच समजून घ्यायला पाहिजे. "सेंद्रिय मालाला दीडपट भाव आहे" हे वाक्य मेळाव्यात, मोबाईलवरच्या व्हिडिओत रोज ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. जादा भाव मालाला चिकटून येत नाही. तो कागदाला, प्रक्रियेला आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिळतो. या तिन्हीची सोय नसेल तर सेंद्रिय माल साध्या मालाच्या भावात जातो आणि उतारा घटल्याचा तोटा शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.

सेंद्रिय, नैसर्गिक आणि विषमुक्त : तीन वेगळ्या गोष्टी

गावात हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले जातात. बाजारात मात्र त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे.

सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत, कीटकनाशक, तणनाशक आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं यातलं काहीच न वापरता, ठरलेल्या नियमांनुसार आणि नोंदी ठेवून केलेली शेती. नैसर्गिक शेतीत बाहेरून काही विकत आणायचं नाही यावर भर असतो. जीवामृत, बीजामृत, आच्छादन, मिश्रपीक ही तिची हत्यारं. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर (पद्मश्री २०१६) आणि यवतमाळ जिल्ह्यातले सुभाष शर्मा (पद्मश्री २०२५) यांच्यामुळं ही पद्धत विदर्भात घरोघरी माहीत झाली. "विषमुक्त" किंवा "रेसिड्यू फ्री" माल म्हणजे ज्यात औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे असा माल. त्यात रासायनिक खत वापरलेलं असू शकतं. असा माल चांगला असला तरी तो सेंद्रिय म्हणून विकता येत नाही.

सुरुवात तुरीपासून का?

सेंद्रिय शेतीचं अर्थकारण समजायला युरियाचं पोतं समोर ठेवावं. ४५ किलोच्या पोत्याला शेतकरी सुमारे २६६ रुपये देतो, कारण बाकीचा मोठा भार सरकारी अनुदान उचलतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका पोत्यात जवळपास २१ किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. एक टन शेणखत टाकलं तर जेमतेम ५ किलो नत्र मिळतं. युरियाच्या एका पोत्याएवढं नत्र द्यायला चार टन शेणखत लागतं, आणि तेही सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. शेणखतातून सेंद्रिय कर्ब मिळतो, जमीन भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, हे फायदे खरेच. पण नुसत्या नत्राच्या हिशेबात शेणखत युरियापुढं महाग पडतं. ज्याच्या गोठ्यात जनावरं नाहीत आणि जो ट्रॉलीनं खत विकत घेतो, त्याचं गणित इथंच बिघडतं.

म्हणून पहिलं पीक कोणतं निवडलं यावर बरंच ठरतं. ऊस, गहू, कापूस ही नत्राची भुकेली पिकं. तूर, हरभरा, मूग, उडीद ही कडधान्यं मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतःच घेतात. तुरीची शिफारसच एकरी १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद एवढी आहे. बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावले, शेणखताची साथ दिली, तर खत बंद केल्याचा फटका तुरीत कमी बसतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बीडीएन-७११ सारखा मर रोगाला तोंड देणारा वाण आणि सोबत ट्रायकोडर्मा वापरला, तर मरीचा धोकाही आटोक्यात राहतो.

तुरीत खरा धोका घाटेअळीचा. तिच्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क (१०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळी पावडर), कामगंध सापळे, पक्षीथांबे आणि विषाणूवर आधारित एचएएनपीव्ही हे उपाय सेंद्रियमध्ये चालतात. पण ते अळी लहान असतानाच करावे लागतात. अळी मोठी झाल्यावर निंबोळी अर्काचा उपयोग होत नाही. थोडक्यात, औषधाचे पैसे वाचतात, पण शेतातल्या फेऱ्या वाढतात.

एका एकराचा हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकानं आपल्या वहीतले आकडे टाकून हा हिशेब पुन्हा करावा. भाव म्हणून २०२५-२६ हंगामाचा तुरीचा हमीभाव, क्विंटलला ८,००० रुपये घेतला आहे. घरच्या माणसांची मजुरी आणि जमिनीचा मक्ता यात धरलेला नाही.

रासायनिक तूर, एक एकर :
– मशागत व पेरणी ४,५००
– बियाणं १,०००
– खत २,०००
– तणनाशक व फवारे ४,५००
– निंदण-डवरणी २,०००
– कापणी-मळणी ४,०००
– एकूण खर्च १८,०००
– उतारा ६ क्विंटल, उत्पन्न ४८,०००
– हातात उरले ३०,००० रुपये

सेंद्रिय तूर, एक एकर, बदलाची पहिली दोन वर्षं :
– मशागत व पेरणी ४,५००
– बियाणं व जिवाणू खत १,०००
– घरचं शेणखत टाकणी १,५००
– निंबोळी अर्क, जीवामृत, सापळे १,०००
– निंदण-डवरणी ४,५००
– कापणी-मळणी ३,५००
– एकूण खर्च १६,०००
– उतारा साडेचार क्विंटल, उत्पन्न ३६,०००
– हातात उरले २०,००० रुपये

खर्च २,००० रुपयांनी कमी झाला. खत-औषधांचे ४,००० रुपये वाचले, कापणी-मळणीतही थोडे वाचले. पण तणनाशक बंद झाल्यामुळं निंदणाचा खर्च दुपटीहून जास्त झाला आणि बचतीतला मोठा वाटा त्यातच गेला. उतारा दीड क्विंटलनं घटला. म्हणजे वर्षाला एकरी १०,००० रुपयांची घट. दोन वर्षांचे २०,००० रुपये.

आणि या दोन वर्षांत माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. नियमानुसार हंगामी पिकांना पेरणीआधी २ वर्षांचा आणि फळबागेसारख्या बहुवर्षीय पिकांना पहिल्या तोडणीआधी ३ वर्षांचा रूपांतर काळ असतो. या काळात शेती सेंद्रिय पद्धतीची, पण भाव साध्या मालाचा. पुष्कळ शेतकरी सेंद्रिय सोडतात ते याच काळात.

अनुदानानं किती भरून निघतं?

केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून सुरू आहे. गट पद्धतीनं चालणाऱ्या या योजनेत सध्याच्या निकषांनुसार ३ वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत. त्यातले १५,००० रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात. बाकीची रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीव्यवस्थेसाठी असते. हेक्टरी १५,००० म्हणजे एकरी साधारण ६,००० रुपये, तेही तीन वर्षांत मिळून.

वरच्या उदाहरणात दोन वर्षांची घट एकरी २०,००० होती. अनुदान वजा केलं तरी १४,००० रुपये शेतकऱ्याच्या खिशातून जातात. नैसर्गिक शेतीसाठी केंद्रानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी २,४८१ कोटींच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावानं मिशन आहे. या योजनांतून गट, प्रशिक्षण आणि जैविक निविष्ठांची सोय होते आणि तिचा फायदा जरूर घ्यावा. पण अनुदान हेच उत्पन्न धरून कुणी सेंद्रियकडे वळू नये.

किमान किती भाव मिळायला हवा?

तिसऱ्या वर्षी जमीन सावरते. उतारा ५ क्विंटल आणि खर्च तेवढाच, १६,००० रुपये धरला, तर हमीभावानं ४०,००० रुपये होतात. खर्च जाऊन २४,००० उरतात. रासायनिकपेक्षा अजूनही ६,००० कमीच.

बरोबरीला यायचं तर भाव किती पाहिजे, हे काढायची सोपी रीत अशी : रासायनिक पद्धतीत हातात उरणारी रक्कम अधिक सेंद्रियचा खर्च, भागिले सेंद्रियचा उतारा.

इथं ३०,००० अधिक १६,००० म्हणजे ४६,०००. भागिले ५ क्विंटल. उत्तर ९,२०० रुपये. म्हणजे क्विंटलमागं १,२०० रुपये, साधारण १५ टक्के जादा भाव मिळाला तर शेतकरी फक्त बरोबरीत येतो. दोन वर्षांत गेलेले १४,००० रुपये पुढच्या चार वर्षांत भरून काढायचे असतील तर क्विंटलला आणखी ७०० धरावे लागतात. मग भाव ९,९०० रुपये होतो.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. खरेदीदार "बाजारापेक्षा ५ टक्के जास्त देतो" म्हणाला की ८,००० वर ४०० झाले. ते घेऊन तोटा भरून निघत नाही, हे मग लगेच कळतं.

कागद कोणता : पीजीएस की एनपीओपी?

जादा भावाच्या वाटेवरचा पहिला दरवाजा प्रमाणपत्राचा. देशात त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पीजीएस-इंडिया ही कृषी मंत्रालयाची पद्धत. एका गावातले किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात, एकमेकांच्या शेताची तपासणी करतात आणि नोंदी ठेवतात. रूपांतर काळात "पीजीएस-ग्रीन" आणि पुढं "पीजीएस-ऑरगॅनिक" असा दर्जा मिळतो. खर्च कमी, देशातल्या विक्रीला पुरेशी. पण निर्यातीला चालत नाही.

एनपीओपी ही वाणिज्य मंत्रालयाची २००१ पासूनची पद्धत, अपेडामार्फत चालते. मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते, तिची फी असते. निर्यातीला हीच लागते. छोट्या शेतकऱ्यांना यात गटानं प्रमाणपत्र घेता येतं. इथं एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी : प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे? ते खरेदीदार कंपनीच्या नावावर असेल तर शेतकऱ्याचा माल सेंद्रिय म्हणून त्या कंपनीलाच विकता येतो. कंपनीनं त्या वर्षी उचल केली नाही तर तीच तूर ओट्यावर साध्या भावात जाते. गटाच्या किंवा स्वतःच्या उत्पादक कंपनीच्या नावावर कागद असेल तर सौदा करायची ताकद शेतकऱ्यांकडं राहते.

एफएसएसएआयच्या २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांत लहान उत्पादकाला एक सवलत दिली आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला मूळ उत्पादक थेट ग्राहकाला प्रमाणपत्राशिवाय विकू शकतो. पण त्याला पाकिटावर "जैविक भारत" हे चिन्ह वापरता येत नाही. दुकानदाराला, कंपनीला किंवा ऑनलाइन विक्रेत्याला सेंद्रिय म्हणून माल द्यायचा तर कागद पाहिजेच.

शेजाऱ्याच्या फवाऱ्याचाही विचार आधी करावा. बांधालगत आडवा पट्टा सोडावा लागतो आणि त्या पट्ट्यातला माल वेगळा काढून साधा म्हणून विकावा लागतो. एक-दीड एकराच्या लांबट तुकड्यात या पट्ट्यातच बरीच जागा जाते. त्यामुळं चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून सलग क्षेत्र केलं तर सगळ्यांचाच फायदा.

विकायचे चार रस्ते

पहिला, बाजार समिती. रोख पैसे, सगळा माल एका दिवसात मोकळा. पण सेंद्रियचा जादा भाव शून्य.

दुसरा, गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत ठोक विक्री. दहा-वीस टन एकसारखा, स्वच्छ, कागद असलेला माल असेल तर मोठा खरेदीदार येतो. एकट्याच्या पाच क्विंटलसाठी कुणी गाडी पाठवत नाही. सहकार क्षेत्रात केंद्रानं २०२३ मध्ये राष्ट्रीय सहकारी ऑरगॅनिक्स ही बहुराज्य संस्था काढली असून "भारत ऑरगॅनिक्स" नावानं ती माल विकते. अशा संस्थांशी बोलणी गटच करू शकतो.

तिसरा, प्रक्रियादार किंवा निर्यातदाराशी करार. भाव बरा, पण माल नाकारला जाण्याचा धोका मोठा. नमुन्यात औषधाचा अंश सापडला तर पूर्ण लॉट परत येतो. तपासणीचा खर्च कोण देणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे करारात लिहून घ्यावं.

चौथा, थेट ग्राहक. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आला, शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले, व्हॉट्सअॅपवरून मागणी घेता येते. भाव सगळ्यात चांगला इथंच. पण डाळ निवडणं, पाकीट करणं, पोचवणं, उधारी वसूल करणं, फोन घेणं ही सगळी मजुरीच आहे आणि ती हिशेबात धरलीच पाहिजे.

डाळ करून विकली तर

ग्राहक तूर घेत नाही, डाळ घेतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाळमिल बऱ्याच गावांत, बचत गटांकडं आहे. एक क्विंटल तुरीतून अशा मिलवर ६८ किलो डाळ निघाली असं धरलं तर ५ क्विंटलची डाळ ३४० किलो होते. भरडाई, निवडणी, पाकीट, वाहतूक मिळून किलोला २० रुपये धरले तर ६,८०० रुपये खर्च. चुनी-भुसा जनावरांना होतो, तो वेगळा धरलेला नाही.

बरोबरीला यायला ४६,००० अधिक ६,८०० म्हणजे ५२,८०० रुपये पाहिजेत. भागिले ३४० किलो. किलोला साधारण १५५ रुपये. दोन वर्षांची घट चार वर्षांत भरून काढायची तर साधारण १६६ रुपये. याच्या वर जे मिळेल तो खरा सेंद्रियचा नफा. ग्राहकाला भाव सांगण्याआधी त्या दिवशी किराणा दुकानात चांगली डाळ कितीला आहे ते बघावं. दोन्ही भावांत फार अंतर पडलं तर गिऱ्हाईक एकदा घेतं, दुसऱ्यांदा येत नाही.

साठवण हा या धंद्यातला छुपा खर्च. धान्याला लावायच्या सेल्फॉससारख्या विषारी गोळ्या सेंद्रियमध्ये चालत नाहीत. कडक ऊन देऊन, हवाबंद पिशवीत भरून ठेवावं लागतं. ३४० पैकी ३० किलो डाळीला भुंगा लागला तर तोच १६६ चा हिशेब १८२ वर जातो. म्हणून सगळी तूर एकदम भरडू नये. जशी मागणी येईल तशी भरडावी. आणि मिलवर आधी दुसऱ्याची तूर भरडली असेल तर मशीन साफ करून, सुरुवातीचे काही किलो बाजूला काढूनच आपला माल घ्यावा. पाकीटबंद विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावर वजन, किंमत, तारीख, नाव-पत्ता लागतो.

कापसाचा धडा

विदर्भात सेंद्रिय कापसाचंही नाव निघतं. तिथं अडचण बियाण्यापासून सुरू होते. देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे आणि बीटी सेंद्रियमध्ये चालत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या "सुरज" सारखे बिगर-बीटी सरळ वाण आहेत, पण बियाणं आधीच ठरवून ठेवावं लागतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएस या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या बनावट कागदपत्रांचा प्रकार उघड केला. तो तब्बल २०,००० टन कापसाचा होता. असा प्रकार झाला की परदेशी खरेदीदार सगळ्यांकडंच संशयानं बघतो, तपासण्या वाढतात, आणि इमानदारीनं पिकवणाऱ्याचा भावही अडतो. गटातल्या एकानं रात्रीतून एक फवारा मारला तरी गटाचं हेच होतं.

पाऊल टाकण्याआधी

सगळं शेत एकदम सेंद्रियखाली टाकून घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि लग्नकार्य त्याच्यावर ढकलू नये. दोन वर्षांची घट सोसता येईल एवढ्याच क्षेत्रापासून सुरुवात करावी. मात्र तेच पीक एका बाजूला रासायनिक आणि दुसऱ्या बाजूला सेंद्रिय घेतलं तर प्रमाणीकरणात अडचण येते, म्हणून पिकं वेगळी ठेवावीत. पीजीएसमध्ये टप्प्याटप्प्यानं सगळीच जमीन सेंद्रियखाली आणणं अपेक्षित असतं, हेही गटात जाण्याआधी समजून घ्यावं.

"सेंद्रिय" म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्या आणि पोत्यांपासून सावध राहावं. जीवामृताला एकरी १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती आणि २०० लिटर पाणी पुरतं. घरी होणारी गोष्ट विकत घेतली की खर्च पुन्हा रासायनिकएवढाच होतो आणि उतारा कमीच राहतो. म्हणजे दोन्हीकडून मार.

गोठ्यात जनावरं आहेत, निंदणाला घरची माणसं आहेत, शेजारी चार जण सोबत आहेत आणि डाळ घेणारी पन्नास घरं ओळखीची आहेत, अशा कास्तकाराला सेंद्रिय तूर परवडू शकते. यातलं काहीच नसेल तर आधी ते जुळवावं, निदान खर्च कमी करायला सुरुवात करावी. वाचलेला रुपया हा ओट्यावरच्या भावावर अवलंबून नसतो. जादा भाव मात्र पेरणीच्या आधीच शोधून ठेवावा लागतो. माल घरात आल्यावर गिऱ्हाईक शोधायला निघालेला शेतकरी शेवटी त्याच ओट्यावर पोचतो.